लोखंडाचं बी

भट्टीच्या नळीतून बोट, म्हणजे पूड ठेवायची लहानशी होडी, ओढून बाहेर घेतली, तर तिच्यात काळं काहीच नव्हतं. सकाळी ठेवली होती तीच विटकरी पूड, फक्त जरा जास्त भाजलेली. सकाळचं वजन १०० मिलिग्रॅम, संध्याकाळचं ९८. मी वहीत आकडा लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. २०१५चा जुलै होता. त्याच आठवड्यात दादांचा फोन आला होता: पावसानं ओढ दिली, सरकी जमिनीतच कुजली, दुबार पेरणी करावी लागणार.

मी जालना जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातली. जालना म्हटलं की दोन गोष्टी समोर येतात, बियाण्यांच्या कंपन्या आणि लोखंडी सळयांचे कारखाने. एकीकडे बियाण्यांच्या पिशव्यांनी भरलेले टेम्पो, दुसरीकडे भंगार घेऊन आत जाणारे आणि सळया घेऊन बाहेर पडणारे ट्रक, हे बघत मी कॉलेजला गेले. पुढे पीएचडीसाठी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आले आणि सरांनी विषय दिला: धातूच्या उत्प्रेरकावर कार्बन नॅनोट्यूब वाढवणं. लोखंडाचे अतिसूक्ष्म कण पेरायचे आणि त्यांच्यावर कार्बन उगवायचा. बी आणि लोखंड, दोन्ही घरचंच. तेव्हा मात्र हे काही सुचलं नव्हतं, भट्टीची भीती वाटत होती एवढंच आठवतं.

कार्बनचे अणू मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोनात जोडले की एक जाळी तयार होते. ती गुंडाळून कडेला कड जोडली की नॅनोट्यूब. एकच थर असेल तर एकभिंती, एकात एक अशा नळ्या बसल्या असतील तर बहुभिंती. दोन भिंतींमध्ये अंतर साधारण ०.३४ नॅनोमीटर. आम्ही वाढवत होतो त्या बहुभिंती, २० ते ३० नॅनोमीटर जाडीच्या. डोक्याचा केस यापेक्षा काही हजार पट जाड असतो. जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमांनी १९९१ मध्ये विद्युत-ठिणगीच्या काजळीत या नळ्या पाहिल्या आणि जगभर धावपळ सुरू झाली. पण लोखंडावर कार्बनचे पोकळ धागे वाढतात हे १९५२ मध्ये रशियात रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी छायाचित्रांसह छापलं होतं, आणि १९७६ मध्ये ओबेर्लिन, एंडो आणि कोयामा यांनीही. त्याआधीपासून रसायन उद्योगातल्या लोकांना हे धागे ओळखीचे होते, ते तापलेल्या लोखंड-निकेलवर नको तिथे वाढायचे आणि काम बंद पाडायचे. त्यांच्या लेखी ते तण होतं. आम्हाला तेच तण मुद्दाम आणि एकसारखं वाढवायचं होतं.

पद्धत ऐकायला सोपी आहे. मीटरभर लांब, चार सेंटिमीटर व्यासाची क्वार्ट्झची नळी भट्टीतून आरपार जाते. मधोमध क्वार्ट्झच्याच लहानशा होडीत, आम्ही तिला बोटच म्हणतो, उत्प्रेरकाची पूड ठेवायची. एका बाजूनं आरगॉन हा निष्क्रिय वायू सोडून हवा हाकलायची, ७०० अंशांपर्यंत तापवायचं, मग आरगॉनसोबत, कार्बन पुरवायला, थोडं अ‍ॅसिटिलीन सोडायचं. तापलेल्या धातूच्या कणावर अ‍ॅसिटिलीन फुटतं, कार्बन कणात मुरतो, मुरता मुरता कण तृप्त होतो आणि जास्तीचा कार्बन भिंतीच्या रूपात बाहेर पडू लागतो. लोखंड, कोबाल्ट आणि निकेल या तिघांना हे नीट जमतं, कारण ते वायू फोडतातही आणि कार्बन पोटात घेतातही. सोन्या-तांब्याच्या पोटात कार्बन फारसा मुरत नाही.

खरी गोष्ट आहे ती बी तयार करण्यात. माझी पहिली दोन वर्षं तिथेच गेली आणि त्याबद्दल शोधनिबंधात दोन ओळी असतात: 'धातूचे नायट्रेट मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये मिसळून, वाळवून, भाजून घेतले.' स्वयंपाकाच्या पुस्तकात 'पुरण शिजवून वाटून घ्यावे' लिहिलेलं असतं, तसं. ज्यानं पुरण कधी केलं नाही त्याला त्या ओळीतून काय कळणार?

दोन ग्रॅम उत्प्रेरकाचा माझा हिशोब असा असायचा. मॅग्नेशियम ऑक्साइड १.९ ग्रॅम, आयर्न नायट्रेट ०.३६ ग्रॅम, कोबाल्ट नायट्रेट ०.२५ ग्रॅम. म्हणजे लोखंड आणि कोबाल्ट प्रत्येकी अडीच टक्के. सुरुवातीला नुसतं लोखंड घेत होते. दोन्ही मिसळले की पीक जास्त येतं हे इतरांनी लिहून ठेवलं होतं, मी ते उशिरा मनावर घेतलं. आयर्न नायट्रेटचे खडे फिकट जांभळे दिसतात आणि ते हवेतलं पाणी ओढतात. पावसाळ्यात बाटली उघडी राहिली तर खडे ओलसर होऊन चमच्याला चिकटतात, आणि ०.३६ ग्रॅम वजन केलं तरी त्यात लोखंड किती आणि पाणी किती याचा भरवसा राहत नाही. उन्हाळ्याची तऱ्हा आणखी वेगळी. हे खडे ४७ अंशांना वितळतात. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या बंद कपाटात बाटलीच्या तळाशी पाझर धरलेला मी स्वतः बघितला आहे. त्यानंतर बाटली खाली तळमजल्यावर, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात गेली.

नायट्रेटचं पिवळसर पाणी पांढऱ्या पुडीवर ओतलं की पूड क्षणात विटकरी होते. मग ते घट्ट होत जातं, कारण मॅग्नेशियम ऑक्साइडही पाणी धरतं. पहिल्या खेपांना मी तो लगदा काचेच्या ताटलीत ओतून सरळ ओव्हनमध्ये ठेवायचे आणि जेवायला जायचे. परत येऊन पाहिलं तर ताटलीच्या कडेला गर्द तपकिरी कडं आणि मध्ये फिकट पूड. चहाचा थेंब फरशीवर वाळला की कडेला जशी रेघ उठते, अगदी तसं. पाणी कडेकडे सरकत वाळलं होतं आणि आपल्यासोबत लोखंड घेऊन गेलं होतं. कडेच्या पुडीत लोखंडाचे मोठे गठ्ठे, मधल्या पुडीत जवळजवळ काहीच नाही. मी दोन्ही खलात एकत्र घोटून एक पूड करत होते आणि समजत होते की मिसळलं. पण घोटून गठ्ठे लहान होत नाहीत. कण किती मोठा, त्यावर नळी किती जाड हे ठरतं. आणि कण फारच मोठा असेल तर नळी येतच नाही, कार्बनचं कवच तेवढं चढतं.

हे मला प्रयोगशाळेतल्या मामांनी दाखवलं. मामा विभागात परिचर म्हणून तीस वर्षं होते, शिक्षण दहावी. म्हणाले, "ताई, हे तुम्ही पिठल्यासारखं सोडून जाता. हाटत राहा ना." मी मग तसंच केलं. तापत्या तव्यावर म्हणजे हॉट प्लेटवर भांडं ठेवून, आपोआप ढवळणारी चुंबकाची दांडी फिरेनाशी झाली की काचेच्या कांडीनं, लगदा गोळा होईपर्यंत हाटत राहायचं. पाऊण तास लागायचा, खांदा भरून यायचा. पण त्या खेपेची पूड एका रंगाची झाली, कडेपासून मध्यापर्यंत. मग १२० अंशांवर रात्रभर वाळवणं, घोटणं आणि ५०० अंशांवर चार तास भाजणं. भाजताना नायट्रेट फुटतं आणि तांबूस धूर निघतो. तो घशाला झोंबतो, फुप्फुसाला वाईट, म्हणून हे काम धूर ओढणाऱ्या कपाटातच करायचं.

जुलैच्या त्या ९८ मिलिग्रॅमचं कारण मात्र उत्प्रेरकात नव्हतं. नळीच्या मागच्या टोकाला सिलिकॉन रबराचं बूच होतं. उष्णतेनं ते कडक होऊन त्याला चीर गेली होती. कार्बन उगवला असणार, पण थंड होताना हवा आत शिरली आणि सगळं जळून गेलं. मामांनी कपड्याच्या साबणाचा फेस करून प्रत्येक जोडाला लावला, सायकलच्या दुकानात पंक्चर शोधतात तसा. बुचापाशी बुडबुडा फुगला. तीन आठवडे मी तापमान आणि वायूचं प्रमाण बदलत बसले होते. तेव्हापासून फेस लावल्याशिवाय मी भट्टीचं बटण दाबलेलं नाही.

अ‍ॅसिटिलीनबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नव्यानं हे काम करणाऱ्याला कोणीतरी ते सांगायला हवं. आरगॉनचा सिलिंडर निळा, अ‍ॅसिटिलीनचा मरून रंगाचा. मरूनची आटी उलटी असते, म्हणजे चुकूनही भलता रेग्युलेटर बसू नये. त्याच्या वाटेत तांब्याची नळी चालत नाही. तांबं आणि अ‍ॅसिटिलीन मिळून असा पदार्थ होतो की नुसत्या धक्क्यानं फुटावा. हवेत अडीच टक्के मिसळलं तरी ते पेट घेऊ शकतं. म्हणून आधी हवा पूर्ण घालवायची. आमच्या नळीचं पोट सव्वा लिटरचं, आरगॉन मिनिटाला २०० मिली. एकदा भरून निघायला सहा-सात मिनिटं, तीनदा भरून निघायला वीस. ती वीस मिनिटं घड्याळ लावून थांबायचं, अंदाजावर नाही. मग हायड्रोजन मिसळलेल्या आरगॉनमध्ये पूड तापवायची, म्हणजे धातूच्या ऑक्साइडचा धातू होतो. शेवटी अ‍ॅसिटिलीन मिनिटाला २० मिली, अर्धा तास. बाहेर जाणारा वायू पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत जातो. त्या बुडबुड्यांचा ठेका कानात इतका बसतो की तो जरा मंदावला तरी दुसऱ्या खोलीत बसलेलं माणूस उठतं.

अ‍ॅसिटिलीन सिलिंडरमध्ये नुसतं भरलेलं नसतं. दाब वाढला की ते आपलं आपण फुटू शकतं, म्हणून आत सच्छिद्र भरण असतं, त्यात अ‍ॅसिटोन मुरवलेलं असतं आणि त्या अ‍ॅसिटोनमध्ये वायू विरघळवलेला असतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, त्याचा अर्थ कळायला मात्र चार महिने गेले. नवा सिलिंडर आला की नमुने छान यायचे. सिलिंडर उतरू लागला की तोच उत्प्रेरक, तेच तापमान, पण बोटीत फुलका काळा कापूस येण्याऐवजी चिकट, चमकदार काजळी यायची. वायू कमी होत जातो तसं त्याच्यासोबत अ‍ॅसिटोन जास्त जास्त बाहेर येतं, आणि अ‍ॅसिटोनमध्येही कार्बन आहेच. वायू देणाऱ्याला विचारलं तर उत्तर मिळालं, "वेल्डिंगला काही फरक पडत नाही." त्यांचं खरं होतं, वेल्डिंगला पडत नाही. पण इथे शुद्ध वायू हवा म्हणून मी लेखी मागितला होता आणि पैसेही त्याचेच घेतले गेले होते, याचा राग अजून गेलेला नाही. सरांनी वाटेत कोळशाचा गाळणीखांब बसवायला सांगितला, आणि सिलिंडर पाव उरला की आम्ही तो वापरणं बंद केलं. मागच्या चार महिन्यांच्या नोंदी वहीत तशाच आहेत, प्रत्येक पानावर एक तिरपी रेघ.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी वळीव आला. वाढ नुकतीच पूर्ण झाली होती, अ‍ॅसिटिलीन बंद करणार तेवढ्यात वीज गेली. अंधारात मोबाइलच्या उजेडात मी मरून रंगाचा सिलिंडर बंद केला आणि घाईत हात आरगॉनच्या निळ्यावरही गेला. भट्टी थंड होऊ लागली, नळीतला वायू आकसला. बुडबुड्यांचा आवाज थांबला आणि मग एक वेगळाच आवाज आला, पाणी ओढल्यासारखा. बाटलीतलं पाणी नळीत चढत होतं. मी धावत जाऊन बाटलीची नळी उपसून काढली तोवर पेलाभर पाणी तापलेल्या क्वार्ट्झमध्ये गेलं होतं. साध्या काचेची नळी असती तर तुकडे झाले असते. क्वार्ट्झ तापल्यावर इतकं कमी प्रसरण पावतं की असा धक्का ते सोसून जातं. नळी वाचली, नमुना गेला, हात दोन दिवस थरथरत होते. दुसऱ्या दिवशी नळी आणि पाण्याची बाटली यांच्यामध्ये एक रिकामी बाटली जोडली. पाणी उलटं आलंच तर तिच्यात पडावं.

याच काळात दादा एकदा शहरात आले होते, बँकेच्या कामाला. मी त्यांना प्रयोगशाळा दाखवली. आत पाऊल ठेवताच त्यांनी नाक वर केलं, "कार्बाइडचा वास येऊन राहिला." वेल्डिंगच्या दुकानापाशी येतो तो, लसणासारखा वास. शुद्ध अ‍ॅसिटिलीनला तो नसतो, त्यातल्या अशुद्धीचा असतो. मग त्यांनी बंद बाटलीतली काळी पूड उजेडाकडे धरून बघितली. मी उघडू दिली नाही. या नळ्या इतक्या हलक्या असतात की उडून श्वासात जातात, आणि लांब, ताठ नळ्या उंदरांच्या शरीरात अ‍ॅस्बेस्टॉससारखं वागतात असं २००८ मध्ये दाखवलं गेलं आहे. आम्ही मास्क लावूनच बोट उघडायचो.

"हे उगवतं म्हणतेस माय, तर बी कुठं राहातं मग? खाली का वर?"

हा प्रश्न त्यांनी अगदी सहज विचारला. पण या क्षेत्रातला जुना प्रश्न आहे तो. टेरी बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये निकेलवर अ‍ॅसिटिलीन सोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कार्बनचे धागे वाढताना पाहिले, तेव्हा धातूचा कण धाग्याच्या टोकावर बसून पुढे सरकत होता. पुढे उलट प्रकारही दिसला, कण तळाशी चिकटून राहतो आणि नळी वर निघते. कण आधाराला, म्हणजे ज्यावर तो बसवलाय त्या पुडीला, सैल धरून असेल तर नळी त्याला उचलून नेते, घट्ट धरून असेल तर तो खालीच राहतो.

मी हे दादांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "सरकी आन् हरभरा." सरकी उगवते तेव्हा दोन्ही दलं डोक्यावर घेऊन माती फोडून वर येते, सोयाबीनही तसंच. हरभऱ्याची आणि तुरीची दलं मातीतच राहतात, कोंब तेवढा वर येतो. म्हणून सरकीवर जमीन घट्ट झाली, पापडी धरली की ती मान मोडून मरते. हरभरा कशातूनही निघतो. हे त्यांनी हातवारे करून दाखवलं, दोन्ही तळवे जोडून डोक्याच्या वर. भट्टीच्या शेजारी उभे राहून. माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात या दोन प्रकारांच्या आकृत्या आहेत. त्या काढताना माझ्या डोळ्यांपुढे ते तळवे होते.

पापडीचंही तसंच आहे. वाढ अर्ध्या तासात थांबते, ती कार्बन संपला म्हणून नाही. कणावर आकारहीन कार्बनचा थर चढतो आणि त्याचा श्वास कोंडतो. जपानमध्ये केंजी हाता आणि इजिमा यांच्या गटानं २००४ मध्ये वायूत अगदी चिमूटभर पाण्याची वाफ सोडली. वाफेनं तो थर खाऊन टाकला, कण जिवंत राहिले आणि दहा मिनिटांत अडीच मिलिमीटर उंचीचं नळ्यांचं रान उभं राहिलं. नॅनोमीटरच्या जगात अडीच मिलिमीटर! मीही आरगॉनची एक धार पाण्यातून घेऊन बघितली. पण माझ्याकडच्या झडपा जाड्याभरड्या, वाफ जास्त झाली आणि पीक उलट घटलं. ते पाच प्रयोग तिथेच सोडले.

पहिली खरी नळी दिसली ती पुण्याला. तिथल्या एका संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वेळ मिळाली होती. रात्रीच्या एसटीनं गेले, पर्समध्ये सहा बाटल्या रुमालात गुंडाळलेल्या. पहिल्या तीन नमुन्यांत ढेकळं. चौथा होता हाटून केलेल्या लोखंड-कोबाल्टचा. यंत्र चालवणाऱ्या ताईंनी विवर्धन वाढवत नेलं, दहा हजार, तीस हजार, आणि पडदा शेवयांनी भरून गेला. ढेकूळ नाहीच, नुसत्या शेवया, एकमेकींत गुंतलेल्या, सारख्या जाडीच्या. ताई म्हणाल्या, "छान आहेत हो." मला बोलता आलं नाही. मी त्यांना एकच विनंती केली की कडेला जरा सरकवा. कडेलाही त्याच होत्या. मध्येही त्याच. ताटलीतलं ते तपकिरी कडं माझ्या डोक्यातून त्या क्षणी गेलं. पुढे रामन वर्णपटात, म्हणजे लेझरचा उजेड टाकून घेतलेल्या नोंदीत, १५८० च्या आसपासचं शिखर १३५० च्या शिखरापेक्षा उंच आलं, म्हणजे जाळीत दोष कमी. आणि निकेलच्या एका खेपेत नळीच्या टोकाशी धातूचा काळा ठिपका स्पष्ट दिसला, सरकीच्या दलांसारखा वर उचललेला. तो फोटो मी दादांना पाठवला.

पीक आलं तरी झोडपणी-उफणणी बाकी असते. नळ्यांमधलं मॅग्नेशियम ऑक्साइड आणि उघडा धातू सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवून काढायचा, मग गाळून, लिटमस बदलेनासा होईपर्यंत ऊर्ध्वपातित पाण्यानं धूत राहायचं. पहिलं पाणी पिवळं उतरतं, मग फिकट, मग स्वच्छ. आता २०१६चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्या गावात टँकर. आणि मी एक लिटर शुद्ध पाणी करायला यंत्र थंड ठेवण्यासाठी नळाचं कितीतरी पाणी मोरीत सोडत होते. ते माझ्यानं बघवेना. मामांनी आणि मी कूलरचा लहान पंप आणि दोनशे लिटरची टाकी जोडून तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवायची सोय केली. दुपारी टाकी कोमट व्हायची आणि यंत्र कुरकुरायचं, म्हणून धुण्याचं काम पहाटे पाचला. त्या उन्हाळ्यात मी अर्ध्याहून कमी नमुने धुतले, आणि जे धुतले ते थेंब मोजून.

अ‍ॅसिडवरून आठवलं. २००६ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या पीटर पाउफलर यांच्या गटानं सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीचा तुकडा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवला, तर उरलेल्या गाळात कार्बन नॅनोट्यूब सापडल्या. असल्या तलवारींचं पोलाद, ज्याला वूट्झ म्हणतात, ते हिंदुस्थानातून जायचं. आणि त्याच्या नावाजलेल्या ठिकाणांपैकी एक होतं कोनासमुद्रम, आपल्या नांदेडच्या सीमेपलीकडे निजामाबाद जिल्ह्यात. १९४८ पर्यंत तो भाग आणि मराठवाडा एकाच निजामी राज्यात होते. मुशीत लोखंड, लाकूड आणि पानं घालून तोंड लिंपून दिवसभर भट्टीत ठेवणाऱ्या त्या लोहारांना नळ्या ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. पण आच किती, किती वेळ, आणि थंड किती हळू करायचं, हे त्यांना अचूक ठाऊक होतं. मी जेव्हा जेव्हा भट्टी थंड होण्याची वाट बघत बसते तेव्हा मला ते लोक आठवतात.

आता मी जालन्याजवळच्या एका कॉलेजात शिकवते. लहान भट्टी आहे, नळी अर्ध्या मीटरची. एमएस्सीची मुलं प्रकल्पाला येतात आणि थेट वायू सोडायची घाई करतात. त्यांना मी आधी उगवण चाचणी करायला लावते, हे नाव दादांकडून घेतलं आहे. ते दरवर्षी पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीनं मांडून गुंडाळतात, पाच-सहा दिवसांनी उलगडून कोंब मोजतात. सत्तरच्या खाली आले तर ते बी पेरत नाहीत. मुलं नव्या उत्प्रेरकाच्या ताटलीतून तीन जागांवरची, कडेची, मधली आणि तळाची, दहा-दहा मिलिग्रॅम पूड तीन छोट्या बोटींत एकाच वेळी ठेवतात. तिन्हींचं वजन सारखं वाढलं तरच ती खेप पुढे वापरायची.

गेल्या आठवड्यातल्या खेपेला २४, २५ आणि १३ आलं. १३ आलेली मुलगी तळाची पूड नीट हाटली नव्हती हे आपण होऊन म्हणाली आणि पुन्हा हॉट प्लेटपाशी जाऊन उभी राहिली.